कडेचा दीड मिलिमीटर

माझ्याकडे माणूस येत नाही, त्याचा तुकडा येतो. नखाएवढा, फार तर बोटाच्या पेराएवढा. पेट्री डिशमध्ये ओल्या गॉजवर ठेवलेला, कडेला बारीक खाचा केलेला. सोबत एक कागद असतो. त्यावर छापील नाक किंवा कान, त्यावर पेनाने काढलेला वेडावाकडा गोल आणि गोलाभोवती घड्याळाचे आकडे: बारा, तीन, सहा, नऊ. ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि लॅब यांच्या मधल्या छोट्या खिडकीतून ही डिश आत सरकते आणि माझं काम सुरू होतं. मोज सर्जरी म्हणजे कातडीचा कॅन्सर थराथराने काढायचा आणि प्रत्येक थराची कड लगेच तपासायची. तिच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला नऊ वर्षं झाली. त्याआधी पाच वर्षं साध्या हिस्टोपॅथॉलॉजीत होते. इतकी नाकं हातातून गेली, पण त्यातलं एखादं रस्त्यात समोर आलं तर मला ओळखता यायचं नाही.

गेल्या आठवड्यात एका पेशंटचा मुलगा थेट आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायला मनाई आहे असं दारावर लिहिलंय, पण सकाळी नऊपासून आईच्या नाकावरची पट्टी बघत बसलेल्या माणसाला पाट्या दिसत नाहीत. ‘‘ताई, दोनदा आत नेलं, दोनदा बाहेर आणून बसवलं. आता म्हणतात तिसऱ्यांदा नेणार. एकदाच काय ते मुळासकट काढून का टाकत नाहीत?’’

मी म्हटलं, ‘‘दादा, मुळं कुठवर गेलीत तेच तर बघतोय.’’

तो गेला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. हातात ग्लोव्हज, मागे मशीन चालू, दारात उभ्या माणसाला दोन वाक्यांत काय सांगणार? म्हणून इथे सावकाश लिहिते आहे.

आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त असतो तो बेसल सेल कार्सिनोमा, कातडीचा एक कॅन्सर. नाव मोठं, पण सुरुवात अगदी फालतू. नाकावर एक छोटी चकचकीत पुळी येते. मोत्यासारखी, कडा किंचित उचललेल्या, वर केसाहून बारीक लाल शिरा. सावळ्या कातडीवर ती काळपट असते, म्हणून तीळ समजून सोडून दिली जाते. मग एक दिवस टॉवेल लागून रक्त येतं, खपली धरते, खपली पडते, बरं झालं असं वाटतं आणि महिन्याभराने पुन्हा रक्त. असं दोन-दोन वर्षं चालवलेली माणसं आहेत. हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो. जीव घ्यायची त्याला घाई नसते. पण जिथे बसलाय तिथली जमीन तो हळूहळू खात राहतो: आधी कातडी, मग चरबी, मग कूर्चा, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर हाड.

आणि तो गोल वाढत नाही. गोल वाढला असता तर मुलाचं म्हणणं बरोबर होतं, गोल आखून काढून टाकला असता. वरून दहा मिलिमीटरची गाठ दिसते, पण आत एका बाजूला पेशींची एखादी बारीक फांदी चार मिलिमीटर पुढे गेलेली असते आणि बाकी तिन्ही बाजूंना काहीच नसतं. कुठली बाजू, ते वरून कळत नाही. डोळ्यांना नाही, बोटांनाही नाही.

साध्या ऑपरेशनमध्ये यावर उपाय एकच: सगळीकडूनच थोडं जास्त काढायचं. लहान, स्पष्ट कडांच्या बेसल सेल गाठीला भोवताली चार मिलिमीटर, हा बहुतेक सर्जनांचा हिशोब आहे. आता गणित करून बघा. दहा मिलिमीटरची गाठ, दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे अठराचा व्यास. क्षेत्रफळ साधारण २५४ चौरस मिलिमीटर. तीच गाठ भोवती एकच मिलिमीटर सोडून काढली तर व्यास बारा, क्षेत्रफळ ११३. निम्म्याहूनही कमी. कागदावर तीन मिलिमीटरचा फरक दिसतो, पण जखमेत तो दुपटीचा होतो. एखाद्या बाजूला फांदी सापडलीच तर तिथून आणखी एक पट्टी काढायची. तरी पहिल्या आकड्याच्या जवळपास जायला बराच अवकाश असतो.

पाठीवर चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पापणीच्या कडेला चार मिलिमीटर म्हणजे पापणीच. नाकपुडी, ओठाचा कोपरा, कानाची पाळी, डोळ्याचा आतला कोपरा: इथे उधळायला कातडी नसते. म्हणजे तिथला प्रत्येक मिलिमीटर काहीतरी काम करत असतो. नाकपुडीची कड नाक उघडं ठेवते, खालची पापणी डोळ्यातलं पाणी अडवते. चेहरा विद्रूप होऊ नये म्हणून ही सगळी खटपट असं लोकांना वाटतं. तेही आहेच, पण डोळा मिटत नसेल तर आरशाची कोणाला पडलीय?

मोज हे खरं तर माणसाचं नाव. फ्रेडरिक मोज. पण मराठी माणसाला ते ऐकताना आज्ञा दिल्यासारखंच वाटतं: मोज! आमच्या कामाला याहून चपखल नाव सापडलं नसतं. नव्या मुलींना शिकवताना मी हा विनोद दरवेळी करते आणि त्या दरवेळी हसण्याची तसदी घेतात.

आता मुख्य गोष्ट. साध्या लॅबमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे उभे काप घेतात. मी पाच वर्षं हेच केलं. तुकड्यातून ठराविक अंतरावर काही काप, ते मायक्रोस्कोपखाली. पद्धत वाईट नाही, जगभर तीच चालते. पण कड सगळी साफ आहे का, हा प्रश्न तिला विचारला तर ती प्रामाणिकपणे उत्तर देऊ शकत नाही. मोठ्या वाडीभोवतीच्या कुंपणाला कुठे भगदाड पडलंय का हे बघायचंय आणि आपण चार जागी थांबून फक्त तेवढ्यापुरतं डोकावतोय, असा तो प्रकार. उभ्या कापांमध्ये कडेचा एक टक्काही भाग प्रत्यक्ष पाहिला जात नाही. उरलेला साफ असेल असं धरून चालतात, आणि ते धरून चालायला जागा राहावी म्हणून ते चार मिलिमीटर. म्हणजे निरोगी कातडीने आपल्या न बघण्याची किंमत मोजायची.

मोजमध्ये आपण कुंपणाला पूर्ण फेरी मारतो. सर्जन ब्लेड तिरकं धरून, साधारण पंचेचाळीस अंशांत, तुकडा बशीसारखा काढतात. मी नव्या मुलींना द्रोणाचं उदाहरण देते. तुकडा म्हणजे द्रोण. द्रोणाची बाहेरची बाजू, काठापासून बुडापर्यंत, ही आपली सीमा. तिच्यापलीकडचं सगळं पेशंटच्या अंगावर राहिलंय. ती अख्खी बाहेरची बाजू एका नजरेत बघायची असेल तर काय करायचं? द्रोण दाबून सपाट करायचा. काठ आणि बूड एकाच पातळीत आले की त्या पातळीचा एक पातळ काप घेतला तरी सीमेचा प्रत्येक बिंदू त्यात येतो. काठावर कातडी, मध्ये चरबी, सगळं एका काचेवर. एवढी साधी कल्पना. बाकीचं सगळं, म्हणजे माझी नोकरी, हा द्रोण न फाडता सपाट कसा करायचा याबद्दल आहे.

तर डिश आत येते. आधी नकाशा आणि तुकडा जुळवून बघायचा: बाराची खाच बाराला आहे ना? तुकडा मोठा असेल तर त्याचे दोन-चार भाग करून कडांना शाई लावायची. एका बाजूला निळी, दुसरीला लाल, कधी काळी. हेच रंग नकाशावर. ही शाई शेवटपर्यंत टिकते आणि मायक्रोस्कोपखाली लाल कडेजवळ काही दिसलं तर नाकावर नेमकी कुठली जागा ते कळतं. मग तुकडा काचेवर पालथा ठेवायचा, सीमेची बाजू खाली. कातडी ताठ असते, ती वर उचलली जाते. ती फोर्सेपच्या टोकाने हलकेच खाली ओढून काचेला टेकवायची. फारच अडून बसली तर वरच्या बाजूने एक-दोन हलके छेद द्यायचे म्हणजे ताण सुटतो. छेद आरपार गेला तर संपलं.

मला ज्या सरांनी शिकवलं ते आता निवृत्त झालेत. त्यांचं एकच पालुपद होतं: ‘‘आधी काच उलटी कर, मग माझ्याशी बोल.’’ काच उलटी करून खालून बघायचं. कातडीची कड म्हणजे एक बारीक फिकट रेघ दिसते. ती रेघ कुठेही न तुटता काचेला टेकलेली हवी. कुठे हवेचा बुडबुडा नको, कुठे कड दुमडलेली नको. ती तशी दिसली की मगच गोठवायचं, वरून ओसीटी नावाचं चिकट पारदर्शक जेल घालायचं, चक (तुकडा धरून ठेवणारी चकती) बसवायची आणि सगळं क्रायोस्टॅटमध्ये.

क्रायोस्टॅट म्हणजे पोटात कापायचं यंत्र असलेला फ्रीज. आत उणे पंचवीसच्या आसपास. एक काप सहा मायक्रॉनचा. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. चाक फिरवलं की ब्लेडवर काप पुढे येतो, ब्रशने तो हलकेच अडवायचा, काच जवळ नेली की तो उडी मारून काचेला चिकटतो. नऊ वर्षांनंतरही ती उडी बघायला मला आवडते. त्रास देते ती चरबी. कातडी गोठते त्या थंडीत चरबी गोठत नाही, मऊ राहते, ब्लेडला चोपडते, कापात भोकं पाडते. नाकाच्या शेंड्याला चरबी कमी, गालाला जास्त. गालाचा तुकडा आला की आमच्याकडे कोणी गाणं गुणगुणत नाही.

मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचा स्टेन. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. काच मॅडमच्या मायक्रोस्कोपपाशी जाते. मॅडम म्हणजे आमच्या सर्जन. या पद्धतीत कापणारी आणि काच वाचणारी व्यक्ती एकच असते आणि माझ्या मते निम्मं यश इथेच आहे. मधे रिपोर्ट नाही, कोणी कोणाला फोन करून ‘वरची बाजू म्हणजे कुठली?’ विचारत नाही. बेसल सेलचे पुंजके मलाही ओळखू येतात. निळ्या पेशींचं बेट, बेटाच्या काठावर पेशी खांबांसारख्या ओळीने उभ्या आणि भोवती बारीकशी फट. पण केसांची मुळंही तिरकी कापली गेली की हुबेहूब तशीच दिसतात, आणि नाकावर तर केसांच्या मुळांची रेलचेल. म्हणून मी ओळखते आणि गप्प बसते. मॅडम नकाशावर लाल पेन्सिलने एक ठिपका देतात, ‘‘तीन ते पाच, खोल नाही, कडेला’’ असं म्हणतात आणि फक्त तेवढ्या जागेची पट्टी काढायला परत ओटीत जातात. बाकी नाकाला हात लागत नाही.

एका फेरीला तास-दीड तास जातो. त्यातलं ऑपरेशन काही मिनिटांचं. उरलेला सगळा वेळ माझा. म्हणजे तो मुलगा योग्य दारात आला होता!

इथवर लिहिलं ते कोणत्याही माहितीपत्रकात थोड्याफार फरकाने सापडेल. पुढचं सापडणार नाही.

मोजमध्ये माझं तिसरं वर्ष होतं. साठीच्या पुढच्या एक आजी, उजव्या नाकपुडीची कड. पहिल्या थरात तीनच्या आकड्यापाशी पुंजका निघाला. दुसरा थर म्हणून मॅडमनी एक पट्टी पाठवली, लांबी चार-पाच मिलिमीटर, रुंदी त्याहून कमी, कापलेल्या नखासारखी. दुपार झाली होती, खिडकीत दुसरी डिश येऊन पडली होती. पट्टी काचेवर ठेवली, कड टेकवली, काच उलटी केली. एक टोक टेकलं नव्हतं. खाली बारीक बुडबुडा होता. मला तो दिसला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर बराच काळ मी स्वतःला सांगत होते की दिसला नसेल. दिसला होता. वाटलं, दोन-चार काप आत गेलं की येईल कड, आणि मी गोठवलं.

यात चूक काय ते सांगते. पहिला काप हा खऱ्या सीमेच्या सगळ्यात जवळचा. चाक फिरवत आत जावं तसं आपण सीमेपासून दूर, म्हणजे गाठीच्या दिशेने सरकतो. न टेकलेलं टोक मिळवायला मी आत गेले. दहा काप, वीस काप. कडेची रेघ पूर्ण व्हायचं नाव घेईना. ती जवळजवळ पूर्ण झाली तेव्हा अर्धी पट्टी संपली होती. आणि त्या आतल्या कापांत, मधोमध, निळ्या पेशी होत्या.

मॅडमनी काचा पाहिल्या. परत पाहिल्या. पहिल्या कापांत पेशी नव्हत्या, पण टोकाची कातडी दिसत नव्हती. आणि जे दिसत नाही त्याला साफ म्हणता येत नाही. आतल्या कापांत पेशी होत्या, पण त्या सीमेवरच्या की सीमेच्या अलीकडच्या, हे सांगायला आता पट्टीच उरली नव्हती. अलीकडच्या असतील तर त्या आधीच बाहेर आल्या होत्या, काही करायची गरज नव्हती. पण ‘असतील तर’ या दोन शब्दांवर कॅन्सरची जखम बंद करत नाहीत.

‘‘तुझ्या ब्लेडने गेलं,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘आता माझ्या ब्लेडने काढावं लागणार.’’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या थरासाठी दीड मिलिमीटर गेला. तो थर मी अर्धा तास लावून बसवला, काच सात वेळा उलटी केली. पूर्ण साफ निघाला. त्याचा आनंद करता येईना, कारण साफ थर म्हणजे निरोगी कातडी. ती तिथे राहायला हवी होती का? दुसरा थर आधीच साफ होता का? हे कधीच कळणार नाही. कळलं ते एवढंच की त्या दीड मिलिमीटरने नाकपुडीची कड तुटली. कानापुढची छोटी कातडी आणून जखम झाकायचा बेत होता. आता कडेला आधार द्यायला कानातून कूर्चेची पट्टीही घ्यावी लागली. आजी पूर्ण जाग्या होत्या, भूल फक्त त्या जागेपुरती. मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं की मधली काच नीट आली नाही म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. ‘आमच्या टेक्निशियनने’ असं म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून निरोगी कातडी वाचवायची म्हणजे नेमकं कोणी, असा प्रश्न कोणी काढला की मी सर्जनच्या हाताकडे बोट दाखवत नाही. पेपरात येतं ते ‘कुशल हातांनी’ वगैरे. हात कुशल लागतातच. पण हातांना कुठे थांबायचं हे काच सांगते, आणि काच खोटं बोलली तर सगळ्यात कुशल हात सगळ्यात कुशलतेने चुकीची जागा कापतात.

फ्रेडरिक मोज यांच्या काळी हे सगळं फार हालाचं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्यार्थी असताना ते उंदरांच्या गाठींत निरनिराळी द्रव्यं टोचून बघत होते. त्यात झिंक क्लोराइडने गाठ मेली, पण मायक्रोस्कोपखाली तिची रचना जशीच्या तशी टिकलेली दिसली, जणू जागच्या जागी फॉर्मॅलिनमध्ये घातलीय. दुसऱ्या कोणी वही मिटली असती. यांच्या डोक्यात आलं की त्याची पेस्ट लावून कातडी अंगावरच पक्की करावी, थर काढावा, खालून तपासावा, उरलं असेल तिथेच पुन्हा पेस्ट लावावी. १९३६ पासून ते माणसांवर हे करू लागले, १९४१ साली छापून आलं. पेस्ट लावली की तासन्तास ठणका, एका थराला जवळजवळ एक दिवस, आणि सगळं संपल्यावरही मेलेला शेवटचा थर गळून पडेपर्यंत जखम शिवता यायची नाही. नाव होतं केमोसर्जरी. आता ऐकलं तर लोक केमोथेरपी समजतील. १९५३ साली एका पापणीच्या ऑपरेशनचं चित्रीकरण करायचं होतं, वेळ वाचवायला त्यांनी पुढचे थर पेस्ट न लावता नुसती भूल देऊन काढले आणि ताजेच गोठवून तपासले. काम झालं. तरी पेस्ट सुटायला वेळ लागला. १९७४ साली ट्रोमोविच आणि स्टेगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी पेस्टशिवाय केलेल्या बऱ्याच केसेस छापल्या, तेव्हा कुठे इतर सर्जन वळले. मोज २००२ साली गेले. तासाभराच्या फेऱ्यांना कंटाळलेल्या माणसाला ही पेस्टची गोष्ट सांगावी असं मला नेहमी वाटतं, पण पट्टी बांधलेल्या माणसापुढे धीर होत नाही.

खरंच कातडी वाचते का, हे कोणी मोजलंय का? मोजलंय. २००९ साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासात एक सेंटिमीटरहून लहान बेसल सेल गाठींचे तीस पेशंट दोन गटांत वाटले होते. मोजच्या गटात जखमेचं मधलं माप ११६.६ चौरस मिलिमीटर आलं, साध्या पद्धतीत १८७.७. माझ्या वरच्या गणिताइतका फरक नाही, पण गणितातल्या गाठी आज्ञाधारक असतात. आणि कमी कापूनही गाठ परत येत नाही ना? नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेलचे पेशंट दहा वर्षं पाहिले. नव्या गाठींत मोजनंतर ४.४ टक्के परत आल्या, साध्या ऑपरेशननंतर १२.२ टक्के. आधी एकदा काढून परत आलेल्या गाठींत ३.९ विरुद्ध १३.५. नव्या गाठींतला फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, परत आलेल्यांतला उतरला. माझा अनुभवही तसाच आहे: आधी कोणीतरी काढलेली, व्रणाखाली दडून वाढलेली गाठ आली की मोजचा खरा उपयोग दिसतो. व्रणात ती कुठूनही कुठेही गेलेली असते.

पण प्रत्येकाला मोज हवी, हे मला पटत नाही. पाठीवर, पोटावर, मांडीवर छोटी साधी गाठ असेल तर चार मिलिमीटर घ्या, टाके घाला, घरी जा. तिथे अर्धा दिवस बसवून ठेवण्यात काही हशील नाही. मेलॅनोमाचं, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचं, प्रकरण वेगळंच. त्याच्या पेशी गोठवलेल्या कापात ओळखणं अवघड असतं. काही ठिकाणी त्यासाठी मार्ट-१ सारखे खास स्टेन वापरतात, काही ठिकाणी कड मेणात बसवून एक-दोन दिवस थांबतात. आणि ही सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: गाठ सलग वाढते. मधे निरोगी जागा सोडून पलीकडे उडी मारणारी गाठ असेल तर कुंपणाला कितीही फेऱ्या मारा, फसायला होतं.

त्या मुलाच्या आईचा तिसरा थर साफ निघाला. कड टेकलेली, रेघ अखंड, मी स्वतः पाहिली. तो परत काही आमच्या दारात आला नाही.

नाकपुडीवाल्या आजी चार महिन्यांनी तपासायला आल्या तेव्हा मॅडमनी मला बाहेर बोलावलं. एरवी बोलवत नाहीत. मी पहिल्यांदाच माझ्या एका तुकड्याचा माणूस पाहत होते. हलका रंग, काठापाठाची साडी, नाकात चमकी नाही, जिथे असायची तिथे छिद्र बुजलेलं. उजवी नाकपुडी डावीपेक्षा किंचित वर ओढलेली. सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात यायचं नाही.

‘‘तू काय करतेस गं इथे?’’

‘‘तुमच्या नाकाच्या काचा मी बनवल्या, आजी.’’ मग म्हटलं, ‘‘तिसऱ्यांदा आत नेलं ना तुम्हाला, ते माझ्यामुळे.’’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

‘‘श्वास तर नीट येतोय की,’’ आजी म्हणाल्या. त्यांनी डाव्या नाकपुडीवर बोट दाबलं, तोंड घट्ट मिटलं आणि उजवीने एक लांब श्वास ओढून दाखवला.